मेखेचा आवाज

सदा,

तुझ्या शोकसभेत मी मागच्या रांगेत बसलो. पुढं या, पुढं या म्हणून तरुण मंडळींनी दोनदा हाताला धरून ओढलं, पण नाही गेलो. सभा कुठं ठेवली होती माहीत आहे? मंडळाच्या नव्या हॉलमध्ये. तीच ती रंगीत प्लॅस्टिकचे गोळे ठोकलेली चढायची भिंत, जिला तू 'बालवाडी' म्हणायचास. त्या भिंतीसमोर टेबल, टेबलावर तुझा फोटो, फोटोला हार आणि पुढ्यात तुझा जुना हातोडा. बालवाडीत आपली शोकसभा झाली हे कळलं असतं तर तू हसून हसून मेला असतास, असं लिहिणार होतो. तेही राहिलंच आता.

सहाजण बोलले. सहाच्या सहा तुझ्या कानाबद्दल बोलले.

एका मुलीनं फार छान सांगितलं. म्हणाली, जुन्या काळी कड्याच्या भेगेत लोखंडी मेख ठोकायची, तिला दोर अडकवायचा आणि पुढं चढायचं. मेख नीट बसली तर हातोड्याच्या प्रत्येक घावाला आवाज चढत जातो, घंटेसारखा स्वच्छ होतो. दगड पोकळ असला, भेग सैल असली, तर आवाज मातीत मारल्यासारखा येतो. सदाकाका म्हणे नुसत्या आवाजावरून सांगायचे, ही मेख माणूस पेलेल की नाही. दगड त्यांच्याशी बोलायचा. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हेही या लोकांना कुणी सांगितलेलं नाही.

मग विलास उठला. आपला विलास. काठी टेकत, डावा पाय ओढत माईकपाशी गेला. माईक त्याच्या उंचीला आणायला एकजण धावला तर त्याला म्हणाला, "असू दे, मी वराडतो." आणि मग म्हणाला, "माझ्याकडनं चूक झालती. चुकीच्या टायमाला मी दोर वडला आणि सदा पडला. मरायचाच हुता. पण वीस वर्षांत या माणसानं एकदाबी मला बोलून दाखवलं न्हाय. कधी न्हाय. एवढं मोठं मन मी दुसरं बघितलं न्हाय." आणि रडला. सत्तरीला आलेला माणूस, सगळ्यांदेखत.

मी उठून बाहेर गेलो. पार्किंगमध्ये उभा राहून तुला शिव्या घातल्या. तू गेल्यापासून डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं, ते तिथं आलं, आणि ते तुझ्यासाठी नव्हतं.

स्मरणिकेसाठी माझ्याकडं दोन पानं मागितलीत. विषयही देऊन ठेवलाय, 'सदाकाकांचा कान'. पंचवीस वर्षं खालून तुझा दोर मी धरला, तेव्हा मीच लिहायला हवं म्हणे. लिहितो. छापतील की नाही ते त्यांचं त्यांनी बघावं.

तुझा कान होता, हे खरं आहे. उद्यमनगरातल्या त्या शेडमध्ये आपण दोघं ट्रकचे मोडके पाटे भट्टीत तापवून मेखा घडवायचो. पोलादाला पाणी किती द्यायचं ते तू ऐरणीवर एक टोला मारून ठरवायचास. जास्त पाणी पाजलं तर मेख तडकते, कमी पाजलं तर वाकते. तुझ्या मेखेवर तीन टिंबं, माझ्या मेखेवर एक आडवी रेघ. काथ्याचा दोर, कॅनव्हासचे बूट, फडक्यात बांधलेली भाकरी आणि खर्डा. रविवारी पहाटेची राधानगरी एसटी. डोक्यावर हेल्मेट नाही, अंगाला पट्टा नाही, कमरेला दोराचा सरळ वेढा. आता आठवलं की अंगावर काटा येतो. तेव्हा वाटायचं, जगात आपल्यासारखे आपणच.

पहिल्या वर्षी गावाबाहेरच्या दगडाच्या खणीत मी एका भेगेत मेख मारली होती. चांगली अर्धी आत गेली होती. तू खालून ओरडलास, "काढ ती." मी म्हटलं, बसलीय की. तू वर आलास आणि दोन बोटांनी ती उपसून माझ्या हातात दिलीस. "आवाज बरोबर नसंल तर काढायची, शाम्या. हात कितीबी दुखू दे. आळस करायचा न्हाय." तो नियम पुढं सगळ्यांचा झाला. त्या नियमामुळं किती जण घरी परत गेले असतील, देव जाणे. त्याबद्दल तुझे उपकार आहेतच. ते मी नाकारत नाही.

पण तुझा कान गेला होता, सदा. तुझी चाळिशी यायच्या आधीच गेला होता. कारखान्यात फोर्जिंगच्या हॅमरशेजारी पंधरा वर्षं उभा राहिल्यावर कुणाचा राहील? कोल्हापुरात सगळेच बोंबलून बोलतात, त्यामुळं कुणाला पत्ता लागला नाही. समोरासमोर ओरडलेलं तुला कळायचं. मेखेचा तो चढता बारीक आवाज मात्र तुला येईनासा झाला होता. मला कधी कळलं सांगू? एकदा तू वर मेख ठोकत होतास आणि ती चक्क भद्द वाजत होती. मी खाली दोर धरून वाट बघतोय की आता हा काढेल, मग काढेल. तू काढली नाहीस. तू मान वळवून माझ्या तोंडाकडं बघितलंस. मी मान हलवली, नाही म्हणून. मग काढलीस.

त्या दिवशी उतरताना मी काही विचारलं नाही, तूही काही सांगितलं नाहीस. पुढच्या रविवारी आपली खूण ठरली. म्हणजे ठरवलीही नाही, आपोआप झाली. मेख ठोकून झाली की तू डाव्या हातात दोर धरून थांबायचास. आवाज चांगला आला असेल तर मी खालून एकदा हलकेच ओढायचो. वाईट असेल तर दोनदा. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, सदा दगडाचं ऐकतोय. तू माझ्या दोन बोटांचं ऐकत होतास. त्या टाळ्यांतल्या अर्ध्या माझ्या होत्या, आणि खरं सांगतो, मला त्याची गुर्मी होती. सगळं गाव ज्याच्या कानाला मानतं, तो कान मी आहे. दहा वर्षं ती गुर्मी मी जपली. तेव्हा हे एकट्या तुझ्यावर ढकलून मोकळं व्हायला मी आलेलो नाही. पण तुझा वाटा तुला मिळालाच पाहिजे.

त्या शनिवारचं भांडण तुला आठवत असेल. नसेल आठवत तर आठव. शेडच्या दारात उभे होतो, दुसऱ्या दिवशी राधानगरीच्या बाजूचा तो उंच सुळका ठरलेला. मी म्हटलं, "सदा, कानाला मशीन लाव, न्हायतर पुढं चढायचं सोड. मला आता भ्या वाटतंय."

"कशाचं भ्या?"

"माझा हात चुकला तर?"

"तुझ्या दोन बोटांवर मी चढतोय असं वाटायलंय व्हय तुला?" तू म्हणालास. कामगार ऐकत होते, म्हणून म्हणालास. मला ते कळत होतं. तरी झोंबलं.

"मग उद्या माझ्याबिगर चढ."

"चढतो की! दोर काय, कुणीबी धरतंय."

मी रविवारी घरी बसलो. तुला धडा शिकवायचा म्हणून. मटण आणलं, दुपारी जेवून झोपलो. विलासला दोर धरायला घेऊन जाणार आहेस हे मला शनिवारीच कळलं होतं, आणि विलासला ती खूण माहीत नाही हेही मला माहीत होतं. शनिवारी संध्याकाळी त्याच्या घरावरून गेलो, दारात वैनी कपडे वाळत घालत होती. एक शब्द सांगून येऊ शकलो असतो. सांगायचं म्हणजे तू बहिरा आहेस हे सांगायचं. नाही गेलो आत.

पुढचं मला तुमच्या दोघांच्या तोंडून वेगवेगळं कळलं आणि मी ते जोडलं. तू मेख ठोकलीस आणि सवयीनं दोर हातात धरून थांबलास. खाली दोर करवंदीच्या जाळीत अडकला होता. विलासनं तो सोडवायला ओढला. एकदा. तुझ्या हाताला कळलं, चांगली आहे. तू वजन टाकलंस आणि मेख केस उपटावा तशी निघाली. तू खालच्या मेखेपर्यंत आलास, तुझ्याबरोबर सुटलेला दगड विलासच्या गुडघ्यावर बसला. आणि सदा, गुडघ्याचा चेंदा झालेला असताना त्या माणसानं हातातला दोर सोडला नाही. तू कड्यावर पाय टेकेपर्यंत सोडला नाही. तू जिवंत राहिलास तो दगडानं सांभाळलं म्हणून नव्हे.

तू त्याला पाठीवर घेऊन जंगलातून डांबरी रस्त्यापर्यंत आलास, पाच तास. पाय सोलून निघाले होते तुझे. तेही मी विसरलेलो नाही. ते विसरता आलं असतं तर तुझ्यावर रागावणं फार सोपं झालं असतं.

दवाखान्यात विलास शुद्धीवर आला तेव्हा आपण दोघं कॉटशेजारी होतो. तो म्हणाला, "सदा, माझ्याकडनं दोर वडला गेला रं. तू तोलात हुतास आणि मी वडला." त्याला वाटलं, आपल्या हिसक्यानं तुझा तोल गेला आणि त्या झटक्यानं मेख निघाली. मी तुझ्या तोंडाकडं बघत होतो. तू त्याच्या डोक्यावरनं हात फिरवलास आणि म्हणालास, "असू दे. हुतंय असं."

एवढंच. तू खोटं काहीच बोलला नाहीस. 'असू दे' हे काय खोटं आहे? वीस वर्षं त्या दोन शब्दांवर तू मोठ्या मनाचा माणूस म्हणून फिरलास.

बाहेर व्हरांड्यात मी तुला भिंतीला रेटलं होतं. "सांग त्याला."

"काय सांगू? मला ऐकू येत न्हाय म्हणून सांगू? मग गेली धा वर्षं ज्यांस्नी ज्यांस्नी मी वर नेलं, त्यांस्नी काय सांगू?" आणि मग आवाज उतरवून, "तू बी हुतास की त्यात."

होतो. म्हणून गप्प बसलो. शिवाय आपला तो जुना नियम होताच, सुळक्यावरची गोष्ट सुळक्यावरच ठेवायची. पोलिसांना, घरच्यांना, पेपरवाल्यांना काही सांगायचं नाही. आपण तो नियम केला तेव्हा किती शहाणे वाटलो होतो स्वतःला. आपल्या त्या सगळ्या टोळक्यानं पुढं हेच केलं. कुणी कधी विचारलं नाही की इतका कान असलेल्या माणसाची मेख निघालीच कशी. विचारलं असतं तर स्वतःच्या आठवणी फुकट गेल्या असत्या. विलासचा एक पाय गेला, तेवढ्यात सगळ्यांचं भागलं.

तू पुढं चढायचं सोडलंस. लोक म्हणाले, सदानं तरुणांना संधी दिली. साठीनंतर मशीन लावलंस. लोक म्हणाले, म्हातारपण. तुझं सगळंच कसं चांगल्यात जमा होत गेलं रे?

आणि दर पंधरा दिवसांनी तू सायकलवर गव्हाचा डबा बांधून शहराच्या या टोकाहून त्या टोकाला विलासच्या गिरणीत जायचास. तुझ्या घराच्या खाली गिरण होती. लोकांना त्याचंही कौतुक. मला एक विचारायचं राहिलं, ते प्रायश्चित्त होतं का? की गिरण चालू असताना कुणालाच बोलावं लागत नाही, काही ऐकावंही लागत नाही, म्हणून तुला तिथं बरं वाटायचं? दोनदा मी तुझ्या मागून गेलो होतो. लांबून बघितलं. तो पट्टा सरकवतोय, तू पिठात हात घालून जाड-बारीक बघतोयस. दोघं हसत होता. मला इतका हेवा वाटला तुमचा, आणि इतकी घाण वाटली माझी.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी गिरणीत गेलो. तीन बायका डबे घेऊन उभ्या होत्या. मी म्हटलं, "विलास, जरा गिरण बंद कर." त्यानं माझ्याकडं बघितलं आणि काही न विचारता बटण दाबलं. पट्टा थांबेपर्यंत आम्ही दोघं नुसते उभे. बायकांना त्यानं सांगितलं, "डबं ठेवून जावा, अर्ध्या तासानं या."

मी सगळं सांगितलं. कान, खूण, एकदा ओढलं की चांगली, शनिवारचं भांडण, तुझं 'असू दे'. त्याच्या दारावरून गेलो तेही. त्याच्या भुवयांवर पीठ बसलं होतं, तोंडावरचं काही समजत नव्हतं. तो जात्याच्या पेटीला टेकला.

मग म्हणाला, "मी जाळीतनं दोर सोडवला. त्यात माझी चूक काय हुती?"

"काय न्हाय."

"काहीच न्हाय?"

"काहीच न्हाय, विलास."

"वीस वर्षं मी रोज सकाळी उठून पयला पाय खाली ठेवतो तवा ते आठवतो," तो म्हणाला. "सदा गेला. मेलेल्या माणसाला मी काय बोलू? पण तू जिता हुतास की, शाम्या. तू कुठं हुतास?"

 त्यानं हात पुसले आणि गिरण चालू केली.

आता आजचं सांगतो. आज सकाळी खणीत तुझी मेख ठोकायची होती. आपल्यातला माणूस गेला की त्याच्या हातची एक मेख खणीतल्या उभ्या भेगेत मारायची, प्रत्येकानं एक घाव. ही आपलीच रीत. आधीच्या सात मेखा आहेत तिथं. पूर्वी तिथवर चढून जावं लागायचं, आठवतं? आता पाडलेल्या इमारतींचा राडारोडा टाकून टाकून खण निम्मी बुजली. विटांच्या ढिगावर उभं राहिलं की भेग छातीशी येते. सगळ्यात खालची मेख गुडघ्याला लागते. आणखी दोन-चार वर्षांनी कुणाला काही ठोकायला लागणार नाही.

तुझ्या मुलानं तुझ्या पेटीतली मेख आणली होती, तीन टिंबांची. मी ती भेगेत धरली. आधी त्यानं घाव घातला, मग आपले उरलेले चार म्हातारे, मग तरुण. कुणी फोटो काढत होतं. ती शोकसभेतली मुलगी डोळे मिटून ऐकत होती. शेवटी विलास. येणार नाही असं मला वाटलं होतं. पण आला, काठी टेकत विटांवरून चढला, कुणाचा हात घेतला नाही.

हातोडा हातात घेऊन तो मेखेकडं बघत राहिला. मग त्यानं वरून मारायच्या ऐवजी बाजूनं मारलं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मेख काढताना मारतात तसं. कुणाला काही कळेना. तुझा मुलगा म्हणाला, "काका, काय करायलाईसा?" विलास थांबला नाही. डावीकडून, उजवीकडून, घाम निथळत होता त्याचा. मेख सैल झाली. त्यानं ती उपसली आणि माझ्या हातात ठेवली.

"आवाज बरोबर न्हाय," तो म्हणाला. "सदाचाच नियम हाय. काढायची."

ती मुलगी म्हणाली, "पण काका, किती छान वाजत होती."

विलासनं तिच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. सगळेच माझ्याकडं बघायला लागले, कारण तू गेल्यावर आता तेवढं ऐकणारा मीच उरलोय असं त्यांना वाटतं.

तुझी मेख आता माझ्यासमोर टेबलावर आहे. तीन टिंबांत अजून खणीची माती आहे. सदा, ती नीट बसली होती. शेवटच्या घावाला आवाज इतका वर गेला की मला आपली राधानगरीची पहिली सकाळ आठवली. असा आवाज मी वर्षानुवर्षं ऐकला नव्हता. मी तिथं सगळ्यांसमोर मान हलवली, नाही म्हणून.